किलकेनीसाठी एक मुक्काम खर्ची घालावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी तीन वर्षांपासून नोकरीनिमित्त डब्लिनमध्ये राहत आहे. माझे आई-वडील मे महिन्याच्या मध्यास वाईहून प्रथमच इकडे येत आहेत. त्यांच्या तीन आठवड्यांच्या वास्तव्यातील एक शनिवार-रविवार गॉलवे आणि मोहरच्या कड्यांसाठी आधीच ठरलेला आहे. दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्हाला कॉर्कला मावसबहिणीकडे जायचे असून त्या निमित्ताने वाटेत किलकेनी येथे एक रात्र थांबावे, असे माझ्या मनात आहे. तसे करण्यात अर्थ आहे की नाही, याविषयी येथील जाणकारांचे मत हवे आहे.

अडचण अशी की, ज्यांना ज्यांना विचारले त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. कचेरीतील एका आयरिश सहकाऱ्याने आयर्लंडमधील सर्वांत देखणे शहर म्हणून त्याचे वर्णन केले, तर दुसऱ्याने "दोन तासांत पाहून होते, मग रात्रभर तिथे काय करणार?" असा उलट प्रश्न केला. आकडे पाहिले की मला दुसऱ्याचे म्हणणे पटू लागते. २०२२ च्या जनगणनेत तेथील लोकवस्ती सुमारे २७,००० भरली, म्हणजे आमच्या वाईपेक्षाही कमी. राजा पहिला जेम्स याने १६०९ साली सनद दिली म्हणून ते शहर म्हणवते. आपल्या मोजमापाने ते तालुक्याचे गावच म्हणायचे.

बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत आणि एखाद्या भिंतीसमोर अर्धा तास उभे राहण्यात त्यांना काहीच वावगे वाटत नाही. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर आरामात चालते, पण पायऱ्या दिसल्या की तिचा चेहरा उतरतो. दोघेही शाकाहारी असून अंडेही खात नाहीत. माझ्याकडे मोटार नाही. अशा स्थितीत ग्लेंडलॉक आणि किलकेनी एकाच दिवसात दाखवून संध्याकाळी डब्लिनला परत आणणाऱ्या सहलीच्या बसने जावे, की शनिवारी रात्री तेथे राहून रविवारी कॉर्क गाठावे, की किलकेनीचा नाद सोडून सरळ कॉर्कची गाडी पकडावी? पैशांपेक्षा मला त्यांच्या दिवसांची काळजी अधिक आहे, कारण असा योग पुन्हा कधी येईल हे सांगता येत नाही.

भटकी_वीणा

आपले दोन्ही सहकारी खरे बोलत आहेत. किलकेनी दोन तासांत पाहून होते, हे मी स्वतः अनुभवले आहे, कारण पहिल्या खेपेस मी आपण म्हणता तशाच एका सहलीच्या बसने गेले होते. ग्लेंडलॉकला उशीर झाला, किलकेनीच्या वाट्याला दीड तास उरला, त्यातील वीस मिनिटे स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली आणि उरलेल्या वेळात मी किल्ला बाहेरून पाहून, पावसात सँडविच खाऊन बसमध्ये परतले. त्यानंतर वर्षभर मीही सर्वांना "काही विशेष नाही" असेच सांगत असे. पुढे एका बुधवारी कामानिमित्त तेथे राहावे लागले, तेव्हा माझे मत पार बदलले आणि त्यानंतर मी आणखी एकदा केवळ हौसेने जाऊन आले. म्हणून बसचा पर्याय आपण प्रथम बाद करावा. त्यापेक्षा न गेलेले बरे.

गावाची रचना समजून घेतली की बाकीचे आपोआप उलगडते. दक्षिण टोकाला नोर नदीच्या काठावर किल्ला आहे, उत्तर टोकाला सेंट कॅनिसचे कॅथेड्रल आहे आणि या दोहोंना जोडणारा रस्ता साधारण एक मैल लांबीचा असल्यामुळे त्याला आता 'मध्ययुगीन मैल' असे नाव दिलेले आहे. पाहण्यासारखे जे काही आहे ते जवळजवळ सगळे या रस्त्यावर किंवा त्याच्या लगतच्या बोळांत आहे. मोटार नसणे ही येथे उणीव नव्हे, उलट सोयच म्हणावी लागेल.

किल्ल्याविषयी बाबांना आधीच एक कल्पना देऊन ठेवा, नाहीतर त्यांचा विरस होईल. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या माणसाला हा किल्ला वाटणार नाही. आत शिरल्यावर तो सरदारी वाडा वाटतो. विल्यम मार्शल याने तेराव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या दगडी किल्ल्याचे चार कोपऱ्यांना चार बुरूज होते, त्यांपैकी आज तीन उभे आहेत. बटलर घराण्याने १३९१ साली तो विकत घेतला आणि १९३५ पर्यंत, म्हणजे साडेपाचशे वर्षांच्या आसपास, त्यांचे वास्तव्य तेथे राहिले. आतील दालने बहुतांशी एकोणिसाव्या शतकातील थाटाची आहेत. तसबिरींच्या लांब दालनाचे रंगवलेले लाकडी छत मात्र मान दुखेपर्यंत पाहत राहावे असे आहे. बाबांसाठी खरा धडा बाहेर आहे. उद्यानाच्या बाजूने पाहिल्यास इमारत तीनच बाजूंनी बंद असून चौथी बाजू मोकळी दिसते. १६५० साली इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या सैन्याने वेढा घातला तेव्हा ती बाजू ढासळली आणि पुन्हा कधी बांधलीच गेली नाही. आज त्याच मोकळ्या बाजूने हिरवळीवर ऊन येते आणि मुले चेंडू खेळत असतात.

हा वाडा लोकांच्या ताब्यात कसा आला, ही गोष्टही ऐकण्यासारखी आहे. बटलर मंडळी १९३५ मध्ये निघून गेली, सामानसुमान लिलावात गेले आणि इमारत तीस वर्षे तशीच पडून राहिली. १९६७ साली बटलर घराण्यातील सरदार, ऑर्मंडचा मार्क्विस, याने ती किलकेनीच्या लोकांना ५० पौंडांस दिली. उद्यानात जायला तिकीट लागत नाही. संध्याकाळी स्थानिक लोक तेथे कुत्री घेऊन फिरतात आणि मे महिन्यात नऊ वाजून गेले तरी उजेड असतो. काकूंना एखाद्या बाकावर बसवून काका आणि आपण किल्ल्याच्या पायथ्याशी नदीकाठाने जाणाऱ्या कालव्याच्या वाटेवर अर्धा तास चालून या. अठराव्या शतकात येथून नोरच्या काठाने कालवा खणायला घेतला होता, तो अर्धवट सोडून द्यावा लागला. सपाट, झाडांनी झाकलेली वाट तेवढी मागे राहिली. सहलीच्या बसने आलेल्यांना हे दिसतच नाही, कारण ते साडेचारला निघून गेलेले असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल पाहावे. गावाचे नावच त्यावरून पडले आहे. आयरिश भाषेत 'किल खन्निग' म्हणजे कॅनिसचे देऊळ. आजची वास्तू तेराव्या शतकातील आहे आणि आत काळ्या दगडात कोरलेल्या सरदार-सरदारिणींच्या आडव्या मूर्ती आहेत, ज्यांच्या चेहऱ्यांवरून शतकानुशतके हात फिरल्यामुळे नाके गुळगुळीत झाली आहेत. शेजारी त्याहून जुना, सुमारे १०० फूट उंचीचा गोल मनोरा आहे. आयर्लंडमध्ये असे मनोरे पुष्कळ आहेत, पण वरपर्यंत चढू देतात असे दोनच, एक हा आणि दुसरा किल्डेअरचा. आतील शिड्या अरुंद आणि उभ्या आहेत, त्यामुळे काकूंनी त्याकडे पाहूही नये. रस्त्यावरून कॅथेड्रलकडे चढणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्याही त्यांनी टाळाव्यात. टॅक्सी दुसऱ्या बाजूने आवारापर्यंत जाते.

येथे बाबांना अ‍ॅलिस काइटलरची कथा सांगा. चार लग्ने केलेली ही धनाढ्य सावकारीण, आणि तिच्यावर १३२४ साली रिचर्ड डी लेड्रेड या बिशपने चेटुकाचा आरोप ठेवला. ती वजनदार असल्याने निसटली. तिची दासी पेट्रोनिला हिला मात्र त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला जिवंत जाळण्यात आले. अ‍ॅलिसच्या मुलाला प्रायश्चित्त म्हणून कॅथेड्रलच्या छतावर शिशाचे पत्रे घालून द्यावे लागले आणि १३३२ साली कॅथेड्रलचाच मधला मनोरा (शेजारचा गोल मनोरा नव्हे) कोसळला तो त्या शिशाच्या भारानेच, असे सांगतात. बिशपने वसूल केलेला दंड बिशपच्याच डोक्यावर पडला, यावर माझ्या वडिलांनी तेथेच उभ्या उभ्या पाच मिनिटे भाष्य केले होते.

शेवटी रॉथ हाऊस. जॉन रॉथ या व्यापाऱ्याने १५९४ पासून एकामागे एक अशी तीन घरे बांधली, प्रत्येक दोन घरांमध्ये चौक आणि सर्वांत मागे लांबच लांब परसबाग. आपण वाईचे असल्यामुळे अधिक सांगायला नको. मेणवलीचा वाडा पाहिलेल्या माणसाला ही मांडणी पाहता क्षणी आपलीशी वाटेल. रस्त्यावरून अरुंद दिसणारे घर आत किती खोल जाते, हे पाहून काकूही खूश होतील, आणि बागेतील भाज्यांच्या वाफ्यांपाशी त्या बराच वेळ रमतील असे मला वाटते.

तेव्हा माझे उत्तर असे की, एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळणार असेल तर जरूर जावे.

सरळरेषा

वीणाताईंचे वर्णन वाचून कोणालाही जावेसे वाटेल, परंतु दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी कॉर्कला राहतो आणि किलकेनीत एक शनिवारची रात्र काढलेली आहे. लग्नाआधीच्या मित्रमैत्रिणींच्या पार्ट्यांसाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. शनिवारी रात्री हाय स्ट्रीटवर एकसारखे गुलाबी पट्टे घातलेल्या बायकांचे पाच-सहा घोळके सहज भेटतात. मी उतरलो होतो त्या ठिकाणी खालच्या मजल्यावर पब होता, ही गोष्ट आरक्षण करताना कोठेही ठळकपणे सांगितलेली नव्हती. पहाटे दोनपर्यंत वाद्ये, त्यानंतर खिडकीखाली भांडणे आणि तीनच्या सुमारास कोणीतरी आमच्याच दारावर आपले दार समजून धडका दिल्या. साठी उलटलेल्या आई-वडिलांना हे दाखवायला नेऊ नये. शिवाय जूनच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला जोडून तेथे विनोदी कार्यक्रमांचा महोत्सव असतो आणि ऑगस्टमध्ये कलामहोत्सव. त्या दिवसांत खोल्यांचे भाव कोठल्या कोठे जातात.

बाबांना इतिहासच पाहायचा असेल तर कॅशेलचा विचार करावा. चुनखडीच्या टेकडीवर उभा असलेला तो सगळा समूह, आणि त्यातील ११३४ साली पवित्र झालेले कॉर्मकचे छोटे चॅपेल, हे पाहिल्यावर किलकेनीचा वाडा फिका पडतो. डब्लिनहून कॉर्कला येणारी बसही कॅशेलला थांबते, म्हणजे वाट वाकडी करावी लागत नाही.

भटकी_वीणा

सरळरेषा, शनिवारच्या रात्रीबद्दलचे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मी बुधवारी राहिले होते हे मी लिहिले होते, पण त्याचे महत्त्व माझ्या ध्यानात आले नाही. कॅशेलही निःसंशय थोर आहे. मात्र तेथे वर पोहोचण्यासाठी चढ आहे, वारा असा सुटतो की उभे राहणे मुश्कील, आणि ते पाहून झाल्यावर खालचे गाव फारसे काही देत नाही. काकूंच्या गुडघ्यांचा विचार करता मी कॅशेल सुचवणार नाही.

रुळावरून

चर्चेत अजून वाहतुकीचा विषय आलेला नाही, आणि माझ्या मते खरा निर्णय तेथेच होणार आहे. आपण "त्या निमित्ताने वाटेत" असे म्हटले आहे. नकाशावर ते तसे दिसते, रुळांवर तसे नाही. किलकेनी हे डब्लिन-वॉटरफर्ड मार्गावर आहे, तर कॉर्कचा मार्ग किल्डेअरपासून वेगळा फुटतो. किलकेनीहून कॉर्कला थेट आगगाडी नाही. एकतर उलट दिशेने परत येऊन गाडी बदलावी लागते, किंवा पुढे वॉटरफर्डला जाऊन तेथून कॉर्कची बस घ्यावी लागते. वॉटरफर्डचे रेल्वे स्थानक शूर नदीच्या उत्तर काठावर आणि बसचे स्थानक दक्षिण काठावर आहे, त्यामुळे बॅगा ओढत पूल ओलांडण्याची तयारी ठेवावी लागेल. रविवारी गाड्यांची संख्या आणखी कमी असते. एक गाडी चुकली तर अर्धा दिवस फलाटावर जातो, हे मी एकदा भोगलेले आहे आणि त्या वेळी माझ्याबरोबर आईवडील नव्हते ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

याउलट डब्लिनहून किलकेनी आणि परत हा प्रवास अगदी सुखाचा आहे. ह्यूस्टन स्थानकातून निघालेली गाडी साधारण दीड तासात पोहोचवते, आणि तिकीट संकेतस्थळावर आगाऊ काढल्यास स्वस्त पडते. आगाऊ आरक्षणात आसन निश्चित होते व त्यावर आपले नाव झळकते, याचे माझ्या आईला अजूनही कौतुक आहे. एक गंमत सांगून ठेवतो. किलकेनीचे स्थानक शेवटच्या टोकासारखे आहे. वॉटरफर्डला जाणारी गाडी तेथे आत येते आणि मग उलट्या दिशेने बाहेर पडते. पुढे जाणारे नवखे प्रवासी गाडी परत डब्लिनला निघाली असे समजून घाबरतात. आपल्याला तेथेच उतरायचे असल्याने प्रश्न नाही. स्थानकातून किल्ल्यापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि वाट उतरती आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, किलकेनी आणि कॉर्क यांची सांगड घालूच नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी किलकेनीला जाऊन डब्लिनला परत यावे आणि कॉर्कला ह्यूस्टनहून सरळ गाडीने जावे. ती अडीच तासांच्या आसपास घेते. अशाने सरळरेषा यांचा आक्षेपही निकालात निघतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. गुरुवारी दुपारपासून रजा घेणे मला शक्य आहे, तेव्हा गुरुवारी निघून शुक्रवारी संध्याकाळी परत, असा विचार आता करत आहे. दोन शंका उरतात. जेवणाचे काय करावे? आणि शुक्रवारी दुपारी, कॅथेड्रल व रॉथ हाऊस पाहून झाल्यावर, आणखी कोठे जाता येईल का? डनमोरची गुहा जवळ आहे असे वाचले.

मातीकाम

डनमोरची गुहा विसरा. ती गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे, आत ओल असते आणि पायऱ्या शेकड्यांनी मोजाव्या लागतात. आपल्या मातोश्रींनी ते करू नये.

मी याच परगण्यात पाच वर्षांपासून राहत असून कुंभारकामाशी संबंधित व्यवसाय करतो, म्हणून माझा कल कोणीकडे आहे हे आधीच कबूल करतो. किल्ल्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, बटलरांच्या घोड्यांच्या पागा आहेत. १९६० च्या दशकात आयरिश सरकारने तेथे डिझाइनच्या कार्यशाळा सुरू केल्या. चांदीकाम, विणकाम, माती, लाकूड अशा कारागिरीला आधुनिक वळण देण्याचा तो प्रयत्न होता आणि त्यासाठी स्कँडिनेव्हियातील जाणकारांचा सल्ला घेतलेला होता. त्या कार्यशाळा पुढे बंद झाल्या, तरी त्यांच्यामुळे येऊन स्थायिक झालेले कारागीर या भागात राहिले. आज त्या पागांत हस्तकलांचे मोठे दुकान आणि राष्ट्रीय कलादालन आहे. दालनात तिकीट नाही, गर्दी नसते, आणि पाऊस आला तर आडोसा म्हणून याहून चांगली जागा गावात नाही. वाडग्याच्या तळाला अंगठ्याने पुसलेल्या झिलईची खूण दिसते, ती जरूर पाहावी. यंत्रावर केलेल्या भांड्याला ती नसते.

शुक्रवारच्या दुपारसाठी मी जेरपॉइंटचा मठ सुचवेन. बाराव्या शतकातील सिस्टर्शियन भिक्षूंच्या या मठाचे छत केव्हाच गेले आहे, पण अंगणाभोवतीच्या खांबांच्या जोड्यांमध्ये कोरलेल्या आकृती अजून शाबूत आहेत: चिलखत घातलेले सरदार, लांब झग्यातील बायका, संत, आणि दुखऱ्या पोटावर हात ठेवल्यासारखा उभा असलेला एक माणूस, जो मला सर्वांत आवडतो. सगळे जमिनीच्या पातळीवर आहे. किलकेनीहून वॉटरफर्डच्या गाडीने थॉमसटाउनला उतरावे आणि पुढचे दोन-तीन किलोमीटर टॅक्सीने जावे, पण टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवावी, कारण थॉमसटाउनच्या स्थानकाबाहेर टॅक्सी उभी असेल अशा भ्रमात राहू नये. किल्ला आणि जेरपॉइंट ही दोन्ही ठिकाणे सरकारी बांधकाम खात्याच्या देखरेखीखाली असल्यामुळे त्यांचे वर्षभराचे वारसा-कार्ड दोन्हीकडे चालते आणि ज्येष्ठांना ते सवलतीत मिळते. कॅथेड्रल आणि रॉथ हाऊस यांना मात्र वेगळे तिकीट काढावे लागेल.

वीणाताईंच्या यादीत एक गोष्ट राहिली. १३६६ साली याच गावी भरलेल्या सभेने 'किलकेनीचे कायदे' मंजूर केले. येथे स्थायिक झालेले इंग्रज हळूहळू आयरिश होत चालले होते, ते थांबवण्यासाठी आयरिश भाषा बोलू नये, आयरिश माणसाशी सोयरीक करू नये, खोगिराशिवाय घोड्यावर बसू नये, आणि चेंडू-काठीचा खेळ खेळू नये, असे त्यात बजावलेले होते. तो खेळ म्हणजे आजच्या हर्लिंगचा पूर्वज. आता गंमत अशी की, हर्लिंगचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद सर्वाधिक वेळा, ३६ वेळा, जिंकणारा परगणा किलकेनीच आहे. बाबांना हा विरोधाभास पुस्तकात वाचण्यापेक्षा रस्त्यावर पाहायला मिळेल. मे महिन्याच्या संध्याकाळी शाळेतून परतणारी पोरे काठीच्या रुंद पात्यावर चेंडू तोलत फुटपाथवरून चालत असतात आणि बोलताना त्याकडे पाहतसुद्धा नाहीत. काठी अ‍ॅश वृक्षाच्या बुंध्याच्या, मुळाकडे वळलेल्या भागातून कापतात, म्हणजे लाकडाचे रेषे पात्याच्या वळणाबरोबर वळतात आणि ती फुटत नाही. एखाद्या पोराला विनंती केली तर तो ती हातात धरायला देतो. वजन आपल्या अपेक्षेपेक्षा कमी असते. खिडक्यांतून काळे-पिवळे झेंडे दिसतील ते याच संघाचे.

जेवणाची चिंता करू नका. भारतीय उपाहारगृहे गावात आहेत. दुपारी कोठेही भाज्यांचे सूप आणि गव्हाचा तपकिरी सोडा-पाव मिळतो. सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले नाही ना आणि पावात अंडे घातलेले नाही ना, हे दोन प्रश्न मात्र प्रत्येक ठिकाणी न लाजता विचारावेत. काउंटरवरची मुलगी आत जाऊन विचारून येते, त्यात कोणाला राग येत नाही. स्कोनमध्ये बहुधा अंडे असते, तेव्हा चहाबरोबर तो घेण्याआधी चौकशी करावी. आणि मातोश्रींचा त्या दिवशी उपवास निघालाच, तर भाजलेल्या बटाट्याच्या बाबतीत हा देश कोणाला उपाशी ठेवत नाही.

राहण्यासाठी नदीच्या पलीकडची, स्थानकाकडची बाजू किंवा किल्ल्यामागचे शांत रस्ते निवडा आणि तळमजल्यावर पब आहे का, हे फोन करून विचारा. लिफ्टचेही तेव्हाच विचारून घ्या, कारण जुन्या घरांत ती बहुधा नसते.

सरळरेषा

गुरुवारची रात्र असेल तर माझा विरोध मागे घेतो. कॅशेलविषयीचे मत मात्र कायम आहे. मोटार घेतल्यावर पुढच्या भेटीत त्यांना तेथे न्यावे.

कृष्णाकाठ

ठरले. गुरुवारी दुपारच्या गाडीची तीन तिकिटे आणि शुक्रवारच्या परतीची तिकिटे आताच काढली. खोली नदीपलीकडे मिळाली आहे. खाली पब नाही, लिफ्ट आहे, आणि हे दोन्ही फोनवर दोनदा विचारून घेतले. कॉर्कला शनिवारी सकाळी ह्यूस्टनहून सरळ जाऊ. जेरपॉइंट हवामान पाहून ठरवीन. पाऊस असेल तर आईला पागांतील दालनात बसवून मी आणि बाबा कॅथेड्रलमध्ये जास्त वेळ घालवू. काल फोनवर बाबांना शिशाच्या छताची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी लगेच विचारले की मनोरा पडला तेव्हा तो बिशप हयात होता का. याचे उत्तर येथे कोणाला ठाऊक असल्यास अवश्य लिहावे, नाहीतर विमानतळावर उतरल्याबरोबर पहिला प्रश्न तोच येणार आहे.

मातीकाम

होता. लेड्रेड १३६० च्या सुमारास वारला, म्हणजे मनोरा कोसळल्यानंतर त्याने आणखी सुमारे अठ्ठावीस वर्षे काढली. त्याची समाधी त्याच कॅथेड्रलमध्ये आहे; बाबांना थेट तेथेच घेऊन जा.